किल्ली कुणाकडे

इडवल प्रॉसरच्या दारी गेल्या हिवाळ्यात
एका आठवड्यात अकरा जण आले.
एक जखम बांधायला, एक जखमेचा फोटो काढायला,
एक साखर तपासायला,
एक जिन्याला कठडा लागेल का ते मोजायला,
आणि एक नुसता फॉर्म घेऊन, की या सगळ्यांबद्दल
आपण समाधानी आहात का.
एक ना धड, भाराभर पट्ट्या.
प्रत्येकाने आधी विचारलं, जन्मतारीख?
म्हातारा म्हणाला, इतक्यांदा तर मी जन्मलोही नाही.

कठडा मात्र आला नाही.
कठडा दुसऱ्या खात्याचा, खातं डोंगरापलीकडे,
त्यांचे पैसे डिसेंबरात संपलेले
आणि इडवल पडला जानेवारीत.
हातभर लाकडापायी
एकवीस रात्री हॉस्पिटलात, खिडकीपासून लांबच्या खाटेवर.
बरा झाला पाचव्याच दिवशी.
उरलेल्या सोळा रात्री
घरी कोण बघणार, यावर फोन चालले.

मी नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच.
बावीस वर्षं या खोऱ्यातल्या बसचं वेळापत्रक लावायचे,
शेवटची बस चुकली तर कोण कुठे अडकेल ते मला पाठ.
म्हणून घेतलं असेल.
ग्रंथालयाच्या वरची खोली, एक फळा, एक किटली,
आणि पदाचं नाव इतकं लांब
की ओळखपत्रावर मावलं नाही.

मंगळवारी नऊला सगळे एका टेबलाशी.
मेन्ना, जिच्या गाडीत मलमपट्टी आणि रुग्णांच्या कुत्र्यांसाठी बिस्किटं.
डॉक्टर बेनन, कायम उशिरा.
औषधवाला रोडरी, त्याला ठाऊक असतं
कोण गोळ्या न्यायला येतं, कोण नुसतं बोलायला.
आणि कौन्सिलचा सुतार. हो, सुतारसुद्धा.
पहिल्या मंगळवारी तो दाराशीच उभा राहिला, टोपी हातात,
भलत्याच लग्नात शिरल्यासारखा.

दोन महिने भांडणात गेले.
कठडा माझ्या पैशाने लावायचा
आणि वाचलेल्या रात्री तुम्ही मोजायच्या?
कार्डिफहून एक साहेब आला,
पडद्यावर गोल दाखवले, गोलात गोल, मग बाण.
मेन्नाने एवढंच विचारलं,
इडवलच्या घराची किल्ली कुणाकडे आहे?

गोलात किल्ली नव्हती.
चौघांकडे चार होत्या.
पाचवी शेजारच्या एलुनेडकडे,
जिला कुणी कधी बोलावलंच नव्हतं.
ती आली पुढच्या मंगळवारी, कोट न काढता बसली.
म्हणाली, सात वाजून गेले आणि त्याचा पडदा सरकला नाही
तर मी जाते. बारा वर्षं झाली.
रोडरीने तिच्यासाठी चहा ओतला.

माझा पणजोबा इथल्या खाणीत होता.
दर शुक्रवारी पगारातून काही पेनी डॉक्टरच्या डब्यात.
डबा गावचा, डॉक्टर गावचा,
आणि कसला डॉक्टर हवा यावर सभेत बाकडी आपटायची.
मग डबा मोठा झाला, देशाएवढा.
चांगलंच झालं. माझ्या आईचं फुप्फुस
त्यावर आठ वर्षं चाललं.
पण एवढ्या डब्यात वरून वाकून
तळाचं दिसत नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र लिहू नका.
टिडफिल पास्को हे नाव फळ्यावर होतं
दोन मंगळवार, निळ्या खडूत.
प्रत्येकाला वाटलं, दुसरा जातोय.
ती गेल्याचं पोस्टमनला कळलं आधी.
फळ्याचा तो कोपरा मी पुसलेला नाही.
पोस्टमन आता येतो, उभ्या उभ्या, पाच मिनिटं.

काल इडवलकडे गेले.
कठड्यावर मोजे वाळत होते.
मी जन्मतारीख विचारली नाही, तर तोच म्हणाला,
सतरा एप्रिल. नव्वदावा.
केक कुठल्या खात्यातून?
म्हटलं, मंगळवारी विचारते.