प्रश्न चौथा, गुण दहा

जिंतूर केंद्र, खोली नंबर सात.
पंखा आहे, पण नुसता आवाजाचा.
बाकावर कुणीतरी कर्कटकानं
‘सुटलो’ असं कोरून ठेवलंय,
त्याच्या उकारात माझं पेन सारखं अडकतं.

खालील कवितेचे आशयसूत्र स्पष्ट करा.
चाळीस मिनिटं उरलीत.

कविता अकरा ओळींची, कधी न वाचलेली.
खाली कवीचं नाव नाही.
एक बाई शेजारणीचं पातेलं परत द्यायला निघते,
डबे हलवून बघते,
पुन्हा डबे हलवून बघते,
आणि शेवटच्या ओळीत उंबऱ्यातच
पातेलं पदराखाली धरून उभी राहते.
संपली.

टेंगसे मॅडम म्हणायच्या,
गोष्ट सांगू नका रे, गोष्ट पेपरात छापलेलीच असते.
बुडाला काय लागलंय ते खरवडून दाखवा.
आणि पहिल्या वाक्यातच दाखवा,
तपासणाऱ्यालाही जेवायला जायचं असतं.

मी लिहिते:
‘प्रस्तुत कवितेतून दारिद्र्याचे विदारक चित्रण’
आणि थांबते.
गाईडातलं हे वाक्य कुठल्याही कवितेला होतं,
दोन वर्षं पुढचं माप घेऊन शिवलेल्या
गणवेशासारखं.

पुढच्या बाकावर प्रल्हाद घुगे
दुसरी पुरवणी बांधतोय,
दोऱ्याचं टोक दातात धरून.
त्याला काय सापडलं एवढं?

मायनं एकदा मला रझियाचाचीची कढई द्यायला पाठवलं.
राखेनं घासलेली, उन्हात पालथी घालून वाळवलेली,
आत कढीपत्त्याची एक डहाळी.
डहाळी चाचीच्याच झाडाची,
भिंतीवरून आमच्याकडं झुकलेली.
मी म्हणाले, त्यांचंच त्यांना काहून द्यायचं?
माय म्हणाली, कढई मोकळी जात नसती.
आणि चाचीनं ती डहाळी नाकाशी धरली,
जणू कढीपत्ता पहिल्यांदाच बघत होती.

सव्वीस मिनिटं.

बाई गरीब आहे, मान्य.
पण गरीब तर ती पहिल्या ओळीतही होती.
उंबऱ्यात पोचेपर्यंत
तिचं आणखी काहीतरी गेलंय.

एकच आडवी रेघ मारून
दारिद्र्य खोडलं, विदारकही खोडलं.
लिहिलं:
ही कविता नसण्याची नाही,
देता न येण्याची आहे.
पुरावा: ‘डबा’ तीनदा येतो, ‘भूक’ एकदाही नाही.
पुरावा: सहाव्या ओळीत
ती शेवटच्या डब्याला कान लावते.
ज्याला खायचंय तो डब्यात हात घालतो,
कान लावणाऱ्याला
नसलेल्याचीही खात्री करून घ्यायची नसते.
हे वाक्य मलाच नीट कळलं नाही,
तरी राहू दिलं, कारण ते खोटं वाटत नव्हतं.

राठोडमामांनी रुळाच्या तुकड्यावर
शेवटची दहा मिनिटं ठोकली.
तेव्हा भीती आली.
नमुना उत्तरात दारिद्र्यच असलं तर?
लाल पेनवाल्याच्या घरी
कधी कुणाची कढई आलीच नसली तर?
समारोपाला ‘अशा प्रकारे’ एवढं लिहिलं,
त्यापुढं काही सुचेना.
आणि सर म्हणाले,
कोऱ्या पानांवर तिरपी रेघ मारा, चला, आटपा.

अडीच पानं कोरी निघाली.
रेघ मारताना हात जड झाला.
सरांनी गठ्ठ्यावर गठ्ठा ठेवला,
आत कुणी काय घातलंय ते न बघता.

फाटकापाशी प्रल्हाद म्हणाला,
चौथ्याला काय लिव्हलंस? दारिद्र्यच ना?
मी म्हणाले, तसंच काहीतरी.
ऊन मरणाचं होतं. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली,
मी घटाघटा प्यायले
आणि परत देताना, झाकण लावायच्या आधी,
एकदा आत बघितलं.