शनिवारचा तास

कुडचड्यात त्या आठवड्यात बाजार भरला,
पण अर्धाच.
मासळीवाल्या बसल्या होत्या, गिऱ्हाईक मान खाली घालून.
नदीकडच्या गल्लीतून
जळक्या टायरांचा वास ऊन चढलं की वर यायचा.

शनिवारी मी आणि एस्पेरान्सा
हॉलची किल्ली मागायला गेलो.
शिपाई म्हणाला, बाई, आज कोण येणार?
एस्पेरान्सा म्हणाली, चावी दी, मागीर पळोवया.
(वीस वर्षांत आम्ही एकदाच भांडलो,
लिपीवरून. रोमी की नागरी.
तेही फळ्यासमोर, दोघींच्या हातात खडू.
तीन दिवस तिनं माझा चहा घेतला नाही.)

अकरा मुलं आली. एरवी चोवीस.
तीन घोळके, मध्ये एकेक बाक रिकामा,
पट्टीनं मोजून सोडल्यासारखा.

‘आपण सगळे एक’ हे वाक्य आमच्याकडे आहे,
पोस्टरवर छापलेलं, दमटपणानं फुगलेलं.
ते गुंडाळून कपाटावर टाकलं.
ट्रेसिंग पेपर वाटला, एस्पेरान्साच्या भावाच्या ऑफिसातला, फुकटचा,
आणि म्हटलं, घरून शाळेपर्यंतचा रस्ता काढा.
चौक मात्र सगळ्यांनी मधोमध धरा.
जे दिसतं ते काढा.

सुलक्षा वेळीपनं काढली कुळागरातली पायवाट,
पाट, पाटावरचा साकव.
आग्नेलनं खुरीस, चुलत्याची होडी, रेतीचा ढीग.
दस्तगीरनं रेल्वेचं फाटक काढलं, मशिदीचा नळ,
नळाखालचा झिजलेला दगडसुद्धा,
मग चौकाकडे जाणारी एक सरळ रेघ,
जिच्या उजव्या अंगाला काहीच नव्हतं.
तिथे त्याच्या बापाचं दुकान होतं.
मी विचारलं नाही.

कागद एकावर एक धरून
खिडकीच्या काचेला लावले.
पलीकडून उजेड आला आणि रस्ते एकमेकांत घुसले.
साकव फाटकावर चढला,
होडी मशिदीच्या नळाखाली आली,
आणि मुलं त्या दिवशी पहिल्यांदा हसली.
कुणीतरी ओरडलं, कुत्रा सगळ्यांचा एकच!
खरंच. चौकातला, एका कानाचा,
सात कागदांवर, सात नावांनी.

आणि त्या कोऱ्या जागेत
एक शटर उमटलं होतं.
निळं, पट्ट्यापट्ट्यांचं. बाहेर हवेचा पंप,
टायरांची उतरंड, सगळ्यात वरच्या टायरात मांजर.
तिथे रोज थांबणाऱ्याच्याच हातचं.
कागद रुद्रेशचा होता.
रुद्रेशच्या काकाला मंगळवारी रात्री
पोलीस घेऊन गेले होते.

पंख्याचा आवाज तेवढा.
दस्तगीर काचेपाशी गेला. नाक टेकेल इतका जवळ.
मला वाटलं, फाडतो. एस्पेरान्सा अर्धी उठली.
तो म्हणाला, पंप डावीकडे होता.
रुद्रेश म्हणाला, उजवीकडे. मी सायकलीत हवा भरायचो ना.
डावीकडे.
उजवीकडे, मांजराच्या खाली.
मांजर आमचं, मला नको सांगू.
आवाज चढले. शिपाई दारात येऊन उभा राहिला.
मी त्याला हातानंच थांबवलं:
असू दे, पंपावरून भांडतायत.

बाराला दोघे वेगवेगळ्या दारांनी गेले.
हात मिळवले नाहीत. खोडरबर
कुणी कुणाचं नेलं ते कळलं नाही.

रात्री अहवालाचा फॉर्म उघडला.
लाभार्थी: अकरा.
काय साध्य झालं: इथे चार ओळी मोकळ्या.
पेन अडलं तेव्हा एस्पेरान्साला फोन लावला.
ती म्हणाली, बरय, पंप डावीकडे होता.
म्हटलं, अगं, पण होता का?
पलीकडे भांडी वाजत होती.
फाल्यां बाजारांत विचारूंया, ती म्हणाली,
इतक्या जणांनी हवा भरली तिथे,
कुणाला तरी आठवत असेल.
आठवत असेल तर
बोलावं लागेल.