पेडलवर कोण आहे

मक्याच्या कापणीला नातेला जाऊन तीन वर्षं होतील.
तिकडे इटलीत, बारी नावाच्या शहरात
कुणा वकिलाच्या म्हाताऱ्या बापाला ती उठवते, बसवते, भरवते.
इकडे माझ्या निवाचा ब्रेक
दोनदा दाबला की तिसऱ्यांदा लागतो.

ओनीकडे उतरताना सतरा वळणं,
एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी.
काल अकराव्या वळणावर पेडल
ताज्या पावात बोट रुतावं तसं आत गेलं.
गाडी गिअरवर थांबवली.
गुडघे मात्र घरी येईस्तोवर थांबले नाहीत.

ब्रेकचं तेल म्हणतो आम्ही, पण ते तेल नव्हे.
झाकणाआड बसून हवेतलं पाणी पीत राहतं,
घोट घोट, कुणाला कळू न देता,
आमच्या शेजारच्या वाझासारखं.
मग एखाद्या उतारावर तापतं, त्या पाण्याची वाफ होते,
आणि वाफ दाबली तर नुसती दबते,
चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

हे काम दोघांचं होतं.
मी चाकापाशी आडवा,
ती सीटवर, मांडीवर सोलायच्या घेवड्याचं टोपलं.
दाब. दाबलं.
धर. धरलंय.
सोड.
तीस वर्षांच्या संसारात तिनं माझं
एवढं निमूट कधी ऐकलं नाही,
आणि मीही एवढं नेमकं कधी बोललो नाही.
एकदा वाझा आला, त्याच्याशी बोलत बसलो,
सोड म्हणायचं राहून गेलं.
घेवडा संपल्यावर आतून आवाज आला,
"जुंबेर, माझा पाय मेलाय का बघ."

आज आधी काठी लावून पाहिली,
अक्रोडाची, सीट आणि पेडलच्या मध्ये ठोकून.
पाना फिरवला, पेडल खाली गेलं,
काठी गळून पडली.
काठीला दाबता येतं.
खाली जाणाऱ्याच्या मागोमाग खाली जाता येत नाही.

मग बाटली घेतली.
तळाला चार बोटं नवं तेल,
निपलवर रबरी नळी, नळीचं दुसरं तोंड तेलात बुडवलेलं.
युक्ती एवढीच.
पेडल वर येताना गाडी उलटा श्वास घेते,
तेव्हा तिच्या तोंडी हवा लागू द्यायची नाही.
सगळ्यात लांबचं चाक आधी, मागचं उजवं.
पाना पाव वळसा. उठ.
सीटवर बस, सावकाश दाब, त्याहून सावकाश सोड.
उतर, वाक, बघ.
कडक चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, त्यात बुडबुडे,
आधी वाटाण्याएवढे, मग मोहरीएवढे, मग नाहीतच.
वरची टाकी भर. ती आटली तर सगळं पहिल्यापासून.
पुन्हा उठ.
शाळेत शिक्षा म्हणून काढल्या नसतील
इतक्या उठाबशा, एकसष्टाव्या वर्षी.

शेवटच्या चाकापाशी होतो तेव्हा फोन वाजला.
हे तेल रंग खातं.
डाव्या मडगार्डवर तळहाताएवढा पत्रा उघडा आहे,
तिनं रागानं डबा आपटला होता त्या वर्षीचा.
म्हणून बोटं लांब ठेवून कोपरानं फोन घेतला.

"काय करतोयस?"
"ब्रेक."
"पेडलवर कोण आहे?"
"मीच."
ती गप्प झाली. तिकडे चमचा वाटीला लागल्याचा आवाज.
"बुडबुडा राहील."
"नाही राहिला. स्वच्छ आलंय."
"तू दर वेळी हेच म्हणायचास.
माझ्या पायाला कळायचं ना.
तू झालं म्हणालास तरी
मी आणखी एकदा दाबायची."

निपल बंद करायला पाना उचलला होता.
तो खाली ठेवला.
सीटवर चढलो, आणखी एकदा दाबलं,
उतरलो, वाकलो.

नळीतून सरकत गेला एकच,
खसखशीएवढा.

फोन चालूच होता.
तिला सांगितलं नाही.