आडवी तांबडी रेघ

शबॉयगनच्या कारखान्यात आमचा विभाग म्हणजे
बॉयलरशेजारची खोली आणि दोन टेबलं.
मार्लिस शब्द लिहायची, मी चित्रं काढायचो:
डोक्याच्या जागी गोळा, हातापायांच्या काड्या,
नाक नाही, डोळे नाहीत,
आणि अंगावरून
आडवी तांबडी रेघ.

एकोणतीस वर्षांत त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला
कितीदा शॉक दिला, मोजलं नाही.
टबात बसवला, मांडीवर टोस्टर.
पंख्यात बोटं घालायला लावली.
बिचारा कधी ओरडला नाही,
तोंडच काढलं नव्हतं.

झोपेत हेअर ड्रायर वापरू नये.
विजेच्या सुरीने केस कापू नयेत.
गरम पांघरूण अंगावर घेऊन तळ्यात उतरू नये.
एक्स्टेन्शनचं एक टोक दुसऱ्या टोकात खुपसून
वीज येण्याची वाट पाहत बसू नये.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगची पोरं हे मोठ्याने वाचायची,
हसून हसून मुरकुंडी वळायची त्यांची.
"मार्लिस, असं करतं कोण?"
ती सॉसेजला मोहरी फासत म्हणायची,
"कुणीतरी. आणि मग त्याची बायको पत्र पाठवते."

पाठवायचीच.
दर सोमवारी वकील हॉफस्टेटर फाइल आणून आदळायचा.
ओश्कोशचा एक जण, लग्नाला उशीर झालेला,
अंगातल्या शर्टावरूनच त्याने इस्त्री फिरवली.
पाद्री हजर, वधू हजर, केक हजर,
नवरदेव इस्पितळात, पोटावर त्रिकोण.
मार्लिसने लिहिलं:
कृपया अंगात घातलेल्या कपड्यांना इस्त्री करू नका.
हॉफस्टेटरने "कृपया" खोडलं.
कायदा आर्जवं करत नाही, म्हणाला.

ती निवृत्त झाली तेव्हा आम्ही तिला
सहा भाषांतल्या माहितीपत्रकासकट मिक्सर दिला.
ती पहिल्या पानापासून वाचत बसली, चष्मा लावून.
एक चूक सापडली तिला. खूश झाली.

मग व्हर्नचं सुरू झालं.
तिचा नवरा. चाळीस वर्षं बर्फाचे ट्रक हाकलेला,
अख्ख्या काउंटीचे रस्ते हातावरच्या रेषांसारखे पाठ,
तो एकदा किटलीत मोजे उकळताना सापडला.
एकदा टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्यात,
आणि लोणी
कुठे ते अजून कळलेलं नाही.

मार्लिसने घरभर चिठ्ठ्या लावल्या.
मी गेलो तेव्हा वाचत वाचतच आत गेलो:
हा ओव्हन आहे. कपाट नव्हे.
आरशातल्या माणसाला कॉफी विचारू नये.
फोनवरची बाई तुझी बहीण आहे, ओरडू नये.
कपड्यांच्या ड्रायरवर लावलेल्या चिठ्ठीत
नुसतंच: कृपया.

"वाचता येत नाही आता त्याला," ती म्हणाली,
"तळघराच्या दाराला तू चित्र काढून दे."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.
समोर व्हर्न, बिस्किटाचे तुकडे एका ओळीत लावत.
गोळा काढला. काड्या काढल्या. जिना काढला.
मग कसं कोण जाणे, हात थांबेना:
कान काढले, त्याचेच, सुपासारखे,
ती भुरकट मिशी काढली,
ट्रक कंपनीची टोपी, तिचा मोडलेला पुढचा कोपरा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला चेहरा आला
आणि तो माझ्याकडे बघायला लागला.
मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

मार्लिसने कागद हातात घेतला,
खिडकीपाशी नेला, बराच वेळ धरला.
"छान आलाय," म्हणाली.
मग परत माझ्यापुढे ठेवला.
"रेघ राहिली."
मी म्हटलं, असू दे ना.
"तेरा पायऱ्या आहेत," ती म्हणाली,
"मार रेघ."

तांबडं पेन तिनेच शोधून आणलं.
व्हर्नने माझी मान वर होईपर्यंत वाट पाहिली,
मग चित्राकडे बोट दाखवून हळूच विचारलं,
"याने काय केलं?"