कोणावर गेलाय

पाइप्सी सरोवरावर मार्चमध्येही बर्फ असतो.
वार्न्या गावातली मुलं प्रयोगासाठी कांदे आणतात,
घरच्या वेणीतून तोडून,
आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच : आमचाच कांदा खरा.
मी तार्तूहून बसने येणारी बाई.
कांद्यावर मत देण्याची मला सोय नाही.

आठवडाभर पेल्यांच्या तोंडांवर बसून
कांद्यांनी पाण्यात पांढरी मुळं सोडली.
टोकं कापली, दोन मिलिमीटर, जास्त नाही,
कारण नव्या पेशी टोकाशीच होतात,
वर नुसतं लांबणं.
आम्ल, कोमट पाणी, गुलाबी रंग,
काचपट्टी, तिच्यावर पातळ काच,
आणि अंगठ्याने दाब. सरळ खाली.
सरकवलंत तर पेशी चिरडतील.
त्रिफोनने सरकवलं. त्रिफोन नेहमीच सरकवतो.

मग एकेक डोळा मिटून सगळे गप्प.
एका पेशीत दोऱ्यांचा गुंता,
एकीत सोळा गुणसूत्रं मधल्या रेषेवर येऊन थांबलेली,
एकीत कमरेला धरून दोन्हीकडे ओढलेली,
हातपाय मागे लोंबत.
'आधी प्रत्येकाची नक्कल, मग वाटणी,' मी म्हणाले,
'म्हणून वाटून कुणाचं कमी होत नाही.'
'हे आमच्या काकांना सांगायला हवं होतं,' फेव्रोनिया म्हणाली,
'शेताच्या वेळी.'

किप्रियानची आकृती मी उचलली.
वर्गात फक्त त्याचीच सोळा भरत होती.
बाकीच्यांनी बारा काढून गुलाबी रंगवली होती.
'रंग का नाही दिलास?'
'कुठला रंग?'
वर्ग हसला.
'त्याला वेलीवरचा पिकलेला टोमॅटो दिसत नाही, बाई,'
त्रिफोन म्हणाला. जुळा भाऊ,
अकरा मिनिटांनी मोठा, आणि ते विसरू न देणारा.

दुपारी त्यांची आई आली, उल्याना,
बुटांचा बर्फ दारात झाडत.
मी फळ्यावर चौकोन काढले, वर्तुळं काढली,
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
आणि विचारलं, तुमचे वडील?
ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली.

सव्वातींनी लग्नाच्या वर्षी फाटक रंगवलं होतं.
हिरवं, असं ते म्हणत.
तपकिरी, असं सगळं गाव म्हणे.
बायको एक अख्खा उन्हाळा बोलली नाही त्यांच्याशी.
तीस वर्षं ते म्हणत राहिले, हिरवं आहे,
आणि मेले तेव्हाही लोक म्हणाले,
हट्टी होता, पण जाळी चांगली विणायचा.

'म्हणजे ते खोटं बोलत नव्हते,' उल्याना म्हणाली.

मी तिच्या वर्तुळात एक टिंब काढलं.
तुमच्याकडे दोन एक्स, एक वडिलांचा, एक आईचा,
आईच्याने तुमचं काम भागलं.
मुलाला दोन्हींतला एकच जातो.
कुठला, ते बीजांड होतानाच ठरतं,
कुणाला न विचारता.
ही दोन बीजांडं होती.
'म्हणजे मी ते घेऊन हिंडत होते?'
हो.
'आणि मला सगळं नीट दिसत होतं?'
हो.

खाण तशी माती म्हणतात.
मला वाटतं, माती तेवढीच खाण घेते
जेवढी त्या दिवशी हाताला लागते.
हे मी बोलले नाही. बसची वेळ झाली होती.

रस्त्यात ते फाटक लागलं,
रंगाचे पोपडे निघालेलं.
किप्रियान त्यावर तळवा टेकून उभा.
आई म्हणाली, मे महिन्यात रंगवायचंय,
डबा तूच निवड.
त्याने मान वर केली नाही.
बहुतेक मोजत होता, पोपडे किंवा आणखी काही.

मुळं कापलेले कांदे मी घरी आणले.
रात्री सूप केलं.
एक कांदा फार गोड निघाला.
कुणाच्या वेणीतला, ते लिहून ठेवायला हवं होतं.