उजवा खांदा

रायचूरहून फोन आला मंगळवारी.
चौथ्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
म्हणून बालमणीनंच उचलला, ओल्या हातानं.
बसवंतप्पा अंथरुणाला खिळलेत.
म्हणाले म्हणे, माल नको आता,
त्याला म्हणावं नुसता ये.

नुसता.
एकतीस वर्षं मी रायचूरला गेलो
आणि नुसता एकदाही गेलो नाही.
चादरी दोन डझन, टॉवेल दहा,
नॅपकिनचं बोचकं वेगळं.
साखर पेठेतून निघताना तळहातावर उठलेला सुतळीचा वळ
वाडी जंक्शन गेलं तरी लालच.

आता ही पिशवी.
पतसंस्थेनं कॅलेंडरासोबत दिलेली, एका बंदाची.
एक लेंगा, एक सदरा, दाढीचं सामान,
बीपीच्या चार गोळ्या, पाकिटातून कात्रीनं कापलेल्या.
उचलली, तर हात एकदम वर गेला,
भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा तसा.

‘वट्टी चेतुलतो पोतावा?’
रिकाम्या हातानं सोलापुरातून कोण गेलंय आजवर,
म्हणत बालमणीनं शेंगाचटणी ठेवली, पाव किलो.
मग कडक भाकऱ्या.
मग भाकऱ्या मोडू नयेत म्हणून टॉवेल.
मग टॉवेल एकटा बरा दिसत नाही म्हणून चादर,
डबल, मोराची.
मग चादर मावेना म्हणून माळ्यावरची मोठी पिशवी.
अर्ध्या तासात मी पुन्हा फिरतीवर!

काढलं मग एकेक.
चादर काढली.
त्या घरात अंथरूण-पांघरूण सगळं माझंच आहे.
आत्ता ज्या चादरीवर ते पडलेत
तीही बहुतेक मीच विकलेली,
ऐंशी रुपयांना,
रंग जाणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगून.
गेला असेल.

भाकऱ्या काढल्या, त्यांना दात नाहीत.
चटणी राहू दिली.

तळाशी वही निघाली.
लाल कापडाची, कोपरे कुरतडलेली.
मीच टाकली होती सकाळी, सवयीनं.
अर्धी दुकानं त्यातली बंद पडलीत,
अर्ध्या नावांवर मी स्वतःच रेघ मारलीय.
एकाच नावावर नाही:
बसवंतप्पा, येणे सातशे चाळीस.
बालमणी बघत होती.
काही बोलली नाही.
पंख्याखालच्या दोरीवरचे कपडे
नीटच होते, ते पुन्हा नीट करत राहिली.

वही कपाटावर ठेवली, इस्त्रीच्या मागं.
वजन असेल पाव किलो, चटणीइतकंच.
पण आकडा काही घरी राहीना.
रिक्षात बसलो, सातशे चाळीस.
सिग्नलला थांबलो, सातशे चाळीस.
माणूस मरायला टेकलाय अन् तू काय मोजतोस बे, म्हटलं स्वतःला,
तर बेरीज करायला लागलो, व्याजासकट.

स्टेशनावर दस्तगीर हमाल ओळखीचा.
त्यानं आधी माझ्या मागं बघितलं, मग बाजूला.
‘माल कुठाय शेठ?’
‘नाही आज.’
‘मग वाकडं का चालायलाव?’

चहाच्या टपरीच्या काचेत बघितलं.
खरंच, उजवा खांदा
दोन बोटं खाली.
सरळ केला. चार पावलांत परत खाली.
पिशवी डाव्या खांद्याला अडकवली,
तर सगळं अंग परक्याचं वाटायला लागलं.
परत उजव्याला घेतली.

गाडी चाळीस मिनिटं लेट.
मी बाकावर बसून बघतोय, काय बोलायचं.
आत गेल्यावर, चप्पल काढल्यावर,
खाटेजवळ उभं राहिल्यावर पहिलं वाक्य.
एकतीस वर्षं ते ठरलेलं होतं,
गाठ सोडता सोडताच तोंडात यायचं:
नवीन डिझाईन आलंय, आप्पा,
हात लावून बघा.