मुकादम

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून सगळं दिसतं:
जाळीचं कुंपण, आत चिखल, चिखलात
नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या
आणि एक पाटी.
स्मृतिभ्रंश कक्ष, बारा खाटा, वसंतात सुरू.
कुठल्या वसंतात, त्या जागी कागद चिकटवलाय.
कागदावर कागद. वरचा वाऱ्यानं निम्मा फाटलाय,
त्यामुळे खालचं, होऊन गेलेलं साल
पुन्हा येणार असल्यासारखं दिसतं.

ॲम्ब्रोज रोज सकाळी इथे उभा राहतो,
हात पाठीमागे, एकेचाळीस वर्षं
दुसऱ्यांची घरं बांधताना उभा राहायचा तसा.
"पोरं अजून आली नाहीत?"
पोरं म्हणजे त्याचे सुतार.
लेव्हाय अल्बर्टात गेला, सायलसला जाऊन नऊ वर्षं झाली.
मी म्हणते, "वारा फार आहे आज."
न्यूफाउंडलंडात हे कारण
कधी खोटं पडत नाही.

मंत्री आले होते पहिलं फावडं मारायला.
फावडं नवं कोरं, दांड्याला रिबन.
गर्दीतून हा ओरडला,
"अरे पाय दे त्याच्यावर, नुसता हात काय लावतोस!"
सगळे हसले, मंत्रीसुद्धा.
तेव्हा हा घरी होता
आणि दुपारपर्यंत त्याला सगळं आठवायचं.

मग माशी शिंकली.
लोखंड महाग झालं म्हणाले. जमिनीखाली पाणी लागलं.
(ते त्यानं आधीच सांगितलं होतं. तिथं त्याच्या मामाची विहीर होती.)
ठेकेदार बुडाला, नवा येईना,
आला तो नकाशात दारं चुकली म्हणून गेला.
चर्चच्या हॉलमध्ये बैठका झाल्या, मी केक केले,
पहिल्या बैठकीला चार, शेवटच्या बैठकीला एक,
तोही उरला.
माझ्या आजूबाजूला कुणी आता विचारत नाही.
घोंगडं भिजत पडलं की काही दिवसांनी
ते घोंगडं आहे हेच लोक विसरतात.

आणि हा चौदा महिने या खाटेवर,
खुबा मोडलेला एक आणि पित्ताशय काढलेला एक
यांच्या मधोमध. "तात्पुरतं" म्हणाले होते.

मागच्या गुरुवारी खाटेवर नव्हता.
इथल्या दारांना कुलूप नसतं, ते
तिकडच्या दारांना असणार होतं.
नर्स डल्सीला तो चाळीस मिनिटांनी सापडला
कुंपणाच्या आत, सपातांत, घोट्यापर्यंत चिखल.
गाऊनचा पट्टा सोडून त्यानं दोरी केली होती,
या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणून
एक डोळा मिटून बघत होता.
डल्सीला म्हणाला, "काटकोन नाही हा."
आणि मग, "खोली फार लहान काढलीय गं.
इथे माणूस वळणार कसा?"

तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती.
मला, खरं सांगते, आधी अभिमान वाटला.
घरी येऊन त्याचा गुण्या शोधला,
बीचच्या लाकडाचा, कडा हातानं गुळगुळीत झालेला.
तपासला. अजून सरळ आहे.

आज पत्र आलं. सुधारित वेळापत्रक.
दिलगिरी पहिल्याच ओळीत, तारीख कुठेच नाही.
मी ते त्याला वाचून दाखवलं, सगळं,
कारण कामाचं पत्र त्याच्यापासून
मी कधी लपवलेलं नाही.
त्यानं नीट ऐकलं. पेन्सिल मागितली, कानामागे खोवली.
"उद्या सहाला उठव मला," म्हणाला,
"जमीन गोठायच्या आत पाया घालायला हवा."

"हो," म्हटलं.
खाली, दिव्याच्या उजेडात, चिखल पांढरा दिसत होता.
तो काल रात्रीच गोठला.